साहेबांच्या अंघोळीचं पाणी

या गोष्टीवर कोणाचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. बसावा असा माझा आग्रहही नाही. मी आजवर सांगितलेल्या खोट्या गोष्टी लोकांनी माना डोलावून ऐकल्या आणि खऱ्या सांगितल्या तेव्हा पोट धरून हसले. तेव्हा ही कशात धरायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

नरडाण्याच्या स्टेशनावर आम्ही जळगावकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसलो होतो. गाडी येणार होती. कधी येणार ते गाडीलाही माहीत नव्हतं. माझ्या बाकावर आमच्या गावचा वना आणि त्याची बायको भिकुबाई. भिकुबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं घाटत होतं, म्हणून दोघं दवाखाने बघायला निघाले होते. वनाने सहज विचारलं, "अभिमन आबा, झुंबर अक्काले तुम्ही जठे नेलं व्हतं, तो दवाखाना कसा शे?"

मी म्हटलं, "वना, नीट मांडी घालून बैस. गाडी आली तरी उठू नकोस."

दवाखान्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ते लोक माझ्यावर केस करतील, केस केली तर कोर्टात मला खरं बोलावं लागेल, आणि या वयात ते मला झेपणार नाही. एवढंच समजा की जळगावात आहे, ट्रस्टचा आहे, आणि ट्रस्टचे अध्यक्ष आहेत तोतारामभाऊ. हे यावलकडचे, केळीच्या बागांवर मोठे झालेले. केळीच्या झाडानं एकदा घड दिला की ते कापून टाकतात. अध्यक्षांच्या बाबतीत तशी सोय नाही.

माझी बायको झुंबरबाई कापसाच्या गाठोड्याला अडखळून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. मी धुळ्याला नेणार होतो. पण आमची मुलगी रूपाली जळगावात मेहरूणला राहते, तिने हट्ट धरला की माझ्याजवळ आणा. आणली. हाडाच्या डॉक्टरनं काम झकास केलं. त्याच्याबद्दल वाईट बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही, म्हणून त्याचा विषय इथेच संपला.

आता तिसऱ्या मजल्याचं ऐका.

दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांनी नवा वॉर्ड बांधला होता. एसी, काचेचे दरवाजे, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आणि न्हाणीघरात शॉवर. बांधून पुरा झाला तेव्हा गेल्या वर्षीचा कापूस शेतात उभा होता. पण उद्घाटनाला मंत्रीसाहेब पाहिजे होते, आणि साहेबांना काही तारीख मिळत नव्हती. एकदा अधिवेशन, एकदा आचारसंहिता, एकदा पुतण्याचं लग्न. वॉर्डाच्या दाराला लाल रिबीन बांधलेली, ती उन्हानं गुलाबी झाली, मग पांढरी झाली. नवी बांधली, ती पण पांढरी झाली. खाली जुन्या इमारतीत एका खाटेवर दोन-दोन पेशंट, आणि वर रिबिनीच्या पलीकडे रिकाम्या गाद्या. रिबिनीखालून मांजर जायची, पेशंटला परवानगी नव्हती.

आणि नळ. ते नळ तोतारामभाऊंनी स्वतः पसंत केलेले, आरशासारखे चकचकीत. तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडच्या पाण्यानं नळावर पांढरे डाग पडतात. दोन महिन्यांत नवा नळ म्हातारा दिसायला लागतो. भाऊंनी हुकूम काढला की साहेब येईपर्यंत वरचा एकही नळ उघडायचा नाही. प्रत्येक तोटीला आणि प्रत्येक शॉवरला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. केळीच्या घडाला बांधतात तशा.

"मंग टाकी रिकामी ठेवी व्हई," वना म्हणाला.

रिकामी? वना, तू खानदेशात जन्मलास ना? आपल्याकडे पाणी आलं की माणूस आधी भांडी भरतो, मग बादल्या, मग पिंप, आणि मग घरात राहिलेली वाटी पण भरून ठेवतो. रिकामी टाकी आपल्याला बघवत नाही. वरची टाकी त्यांनी पहिल्याच दिवशी गळ्यापर्यंत भरली आणि झाकण लावलं. पाइप भरले, सोलरचा बंब भरला. आणि मग अख्खं वर्ष त्यातला एक थेंब हलला नाही. हिवाळा गेला. आपला उन्हाळा आला, म्हणजे काय ते तुला सांगायला नको. गच्चीवर काळी टाकी आणि वर जळगावचा सूर्य. सोलरच्या बंबात पाणी कडक तापवायची वीज जोडलेली होती, पण ट्रस्टी म्हणाले, सूर्य असताना वीज कशाला? त्यामुळे पाणी धड गरम नाही आणि धड गार नाही, बाळंतिणीला न्हाऊ घालावं असं कोमट. इतकं मुरलं होतं वना, की लोणच्याला लाज वाटावी. त्या पाण्याला मिसरूड फुटली होती. एका प्लंबरनं चुकून एक तोटी सैल केली, तर आतून जांभईचा आवाज आला.

वना म्हणाला, "आबा."

बरं, जांभई राहू दे.

शेवटी साहेब आले. रिबीन कापली, नारळ फोडला, आणि मग तोतारामभाऊंनी त्यांना न्हाणीघरात नेलं. आजवर कोणत्याही साहेबानं न्हाणीघराचं उद्घाटन केलं नसेल, पण आमच्या भाऊंना शॉवर दाखवायचाच होता. पिशवी सोडली, चावी फिरवली. शॉवरनं आधी ढेकर दिली, मग चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग हळूहळू निवळलं. साहेब दोन पावलं मागे सरकले. साहेब होण्याइतकी अक्कल त्यांना होतीच. भाऊ म्हणाले, "साहेब, नवीन पाइप आहे, लोहाचा अंश आहे, अंगाला चांगला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता वॉर्डात पेशंट पाहिजे होता, फोटोसाठी. खालच्या मजल्यावर फिरून त्यांनी माझी बायको निवडली. तिचं कपाळ मोठं, त्यावर कुंकू मोठं, नऊवारी स्वच्छ. म्हणाले, ही ग्रामीण माता शोभेल. दुसरी निवडली अमळनेरकडची बेबाबाई, तिचं पित्ताशय काढलं होतं. तिला का निवडलं ते ठाऊक नाही. बहुधा तिनं त्या दिवशी वेणी घातली होती.

दोघींना वर नेलं. दुसऱ्या दिवशी झुंबरबाईला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून शॉवरखाली ढकललं. ती म्हणाली, "हाऊ पाऊस कसाले? माले बादली द्या, तांब्या द्या." नर्स म्हणाली, "आजी, इथे बादली ठेवत नाहीत, हा डिलक्स वॉर्ड आहे." जन्मभर तांब्यानं अंघोळ केलेली बाई चार दिवस त्या कोमट तुषारात बसून राहिली. न्हाणीघराचा दरवाजा बंद, आत वाफेसारखं धुकं, आणि ती बिचारी तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती, कारण खुब्याला टाके होते आणि हलली की दुखत होतं.

भिकुबाई पहिल्यांदा बोलली. "मंग काय व्हयनं?"

मग ताप आला. साधा नाही, हातावर भाकर भाजावी असा. कोरडा खोकला, दम. आणि बडबड. मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "तुम्ही भलता शांत माणूस शे. तुम्ही कधी उलटं बोलतस नही." वना, लग्नानंतर पहिल्यांदा या बाईनं माझी तारीफ केली. मी धावत जाऊन नर्सला म्हटलं, "ती वेडी झाली आहे, डॉक्टर बोलवा." नर्स म्हणाली, "आबा, चांगलं बोलताहेत की." मी म्हटलं, "तेच तर."

छातीचा फोटो काढला. एका बाजूचं फुप्फुस पांढरं. न्यूमोनिया. नेहमीची इंजेक्शनं सुरू झाली आणि ताप त्यांच्याकडे ढुंकून बघेना. ऑक्सिजन लावला. भिंतीवर एक बाटली असते, तिच्यात पाणी असतं, त्यातून ऑक्सिजन बुडबुडत नाकाकडे जातो. त्या बुडबुड्यांकडे बघत मी बसायचो. बुडबुडे चालू म्हणजे झुंबरबाई चालू, असा माझा हिशोब. आणि मग पलीकडच्या खोलीत बेबाबाई खोकायला लागली.

तोतारामभाऊ भेटायला आले. अध्यक्ष पेशंटला भेटायला येतो तेव्हा पेशंटपेक्षा भिंतीच जास्त बघतो. रंग नीट आहे ना, एसी थेंब टाकत नाही ना. मग माझ्याकडे वळले. "आबा, तुम्ही कापूसवाले. वेचणी करताना तंतू छातीत जातात. जुना आजार असणार."

मी म्हटलं, "भाऊ, तंतू साठ वर्षं छातीत होते, कधी बोलले नाहीत. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर आल्यावरच त्यांना कंठ फुटला?"

"मग धुळ्याकडची हवा. तुमच्याकडे धूळ फार."

"बेबाबाई अमळनेरची आहे. ते तुमच्याच जिल्ह्यात."

भाऊंनी घड्याळ बघितलं. त्यांच्या मागे एक ट्रस्टी होते, ते म्हणाले, उद्घाटन झाल्यापासून वॉर्डाला नजर लागली आहे. संध्याकाळपर्यंत प्रत्येक शॉवरला लिंबू-मिरची टांगलेली. खरं सांगतो. ज्या भोकांतून पाणी यायचं त्यांच्यासमोरच. त्या लिंबांनी अंघोळी केल्या असतील, दुसरं काही केलं नाही.

माझं डोकं चालत नव्हतं. एकच कळत होतं, की बाटलीतले बुडबुडे तसेच होते आणि बायकोचा श्वास रोज थोडा उथळ होत होता.

तेव्हा डॉक्टर मेघा आल्या. खालच्या मजल्यावर जंतूंचा विभाग त्यांच्याकडे. तरुण बाई, शिकलेली, आणि शिक्षण वापरायची खोड असलेली. अशा माणसाला ट्रस्टच्या दवाखान्यात तळमजल्यावर ठेवतात. तिला कोणी बोलावलं नव्हतं. एकाच मजल्यावर दोन बायकांना एकसारखा न्यूमोनिया झाला एवढं कानावर आलं, म्हणून जिना चढून आली.

तिने झुंबरबाईला तपासलं नाही, आधी बाटली बघितली. "मावशी, यात पाणी कुठलं भरता?"

वॉर्डातली कामवाली मावशी म्हणाली, "इथल्याच नळाचं, मॅडम. ताजं भरते रोज."

डॉक्टर मेघांनी बाटली काढली, रिकामी केली, आणि खालून निर्जंतुक पाण्याची बाटली आणवून ती लावली. मग न्हाणीघरात गेल्या. शॉवरचं तोंड फिरवून काढलं आणि मला दाखवलं. आत पांढरा थर, त्यावर शेवाळासारखी बुळबुळ. म्हणाल्या, "आबा, हा नळ याआधी कधी उघडला होता?"

मी म्हटलं, "मला काय विचारता? भाऊ बाहेरच उभे आहेत."

भाऊंची छाती फुगली. "मॅडम, साहेबांच्या हस्ते पहिल्यांदा उघडला. त्याआधी वर्षभर कोणाचा हात लागलेला नाही. एकदम कोरा."

"भाऊ, तेच वाईट आहे," डॉक्टर मेघा म्हणाल्या.

मग तिने सांगितलं, आणि सोपं करून सांगितलं, कारण समोर ट्रस्टी होते. पाणी पाइपात पडून राहिलं आणि कोमट राहिलं की त्यात एक जंतू वाढतो. लिजिओनेला. नाव ऐकून वाटावं कोणाची परदेशी सून. त्या बुळबुळीत ती बिऱ्हाड करते. पाणी पिऊन सहसा काही होत नाही. पण शॉवर त्या पाण्याचे बारीक तुषार करतो, ते श्वासाबरोबर छातीत जातात, आणि म्हाताऱ्या किंवा ऑपरेशन झालेल्या माणसाला न्यूमोनिया होतो. ऑक्सिजनच्या बाटलीतून तर थेट नाकात. एकाचा दुसऱ्याला सहसा लागत नाही. दोघींना लागला तो एकाच टाकीतून. आणि नेहमीची न्यूमोनियाची इंजेक्शनं त्याला लागू पडत नाहीत.

"मंग?" भिकुबाई म्हणाली.

मग औषध तिने त्याच घटकेला बदलायला लावलं. लघवीची तपासणी मोठ्या शहराच्या प्रयोगशाळेत पाठवली. आणि भाऊंना म्हणाली, "या दोघींना आत्ता खाली हलवा. शॉवर बंद करा. टाकी रिकामी करून घासा. गरम पाण्याची टाकी साठ अंशावर चढवा, सगळे नळ उघडे सोडून ते पाणी जाऊ द्या. शॉवरची तोंडं काढून स्वच्छ करा. क्लोरीन घाला. आणि यापुढे वापरात नसलेला प्रत्येक नळ दर आठवड्याला उघडून पाणी वाहू द्यायचं. पाणी हललं पाहिजे, भाऊ. एवढंच आहे."

एवढंच. पण वना, या बाईनं खानदेशातल्या माणसाला सांगितलं की भरलेली टाकी सोडून दे आणि नळ उघडे ठेव. त्यापेक्षा तिने भाऊंना हिमालयात जायला सांगितलं असतं तर ते गेले असते.

"पाणी सोडायचं?" भाऊ म्हणाले. "मॅडम, खाली रस्त्यावर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. मी वरून पाणी गटारीत सोडलं तर माझं घर राहील का? आणि रिपोर्ट कुठे आलाय?"

"रिपोर्टची वाट बघत त्यांना त्याच खोलीत ठेवणार?"

"उद्घाटन होऊन पंधरवडा झाला नाही. वॉर्ड रिकामा केला तर पेपरवाले काय लिहितील?"

मग मीटिंग. पाण्याच्या प्रश्नावर मीटिंग असली की चहा फार होतो. एक ट्रस्टी म्हणाले, तुळशीची पानं टाकू टाकीत. दुसरे म्हणाले, तुरटी फिरवू. तिसरे झोपले होते, त्यांचंच मत मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. शेवटी ठरलं काय, तर पुढची मीटिंग घ्यायची. शॉवर चालूच. डॉक्टर मेघांनी दारावर 'अंघोळ बंद' असा कागद लावला, तो भाऊंनी काढला, कारण सेलोटेपनं नवा रंग निघत होता. निर्जंतुक पाण्याच्या बाटल्या कोठीत, कोठीला कुलूप, किल्ली भाऊंच्या माणसाकडे. मी जेवून वर आलो तेव्हा मावशी पुन्हा त्याच नळाखाली बाटली धरून उभी. तिला ओरडून काय करणार? तिला बाटली भरायला सांगितली होती, कशानं ते कोणी सांगितलं नव्हतं. बाटली मी हिसकावून घेतली. पण मी किती वेळ भिंतीला टेकून पहारा देणार? झुंबरबाई त्या खोलीतून खाली गेली तर वाचणार होती, नाहीतर त्या चकचकीत नळांच्या सोबतीनंच जाणार होती. माझ्यासमोर एवढीच गोष्ट होती.

आणि इथे, वना, हा अभिमन पाटील कामी आला.

मी विचार केला, तोतारामभाऊ पेशंटसाठी पाणी सोडणार नाही. डॉक्टरसाठी सोडणार नाही. कायद्यासाठी तर नाहीच. मग कोणासाठी सोडेल? मी मोबाइल काढला, घसा खाकरला, आवाज पोटातून वर आणला आणि साहेबांचा पीए झालो. पीएचा आवाज काढणं अवघड नसतं. समोरच्याचं ऐकायचं नाही, आणि दर वाक्यानंतर बाजूला दुसऱ्याच कोणाशी तरी बोलायचं.

"कोण, तोताराम का? हां, ती फाइल तिकडे ठेवा. ऐका, साहेब उद्या जळगावात मुक्कामी आहेत. गाडी लावा रे. साहेबांना तुमचा शॉवर फार आवडला. उद्या सकाळची अंघोळ साहेब तुमच्याकडे करतील. तीच खोली. नाही, चहा नको मला. साधी व्यवस्था ठेवा, फुलं वगैरे ठीक आहे."

भाऊ म्हणाले, "तीच खोली?"

"तीच. ग्रामीण मातेची." आणि फोन ठेवला.

भाऊ डॉक्टर मेघांकडे गेले ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जिना उतरून तळमजल्यावर गेले. अध्यक्ष तळमजल्यावर फक्त दसऱ्याला जातात. दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, समजा... एखाद्या मोठ्या माणसानं त्या शॉवरखाली अंघोळ केली, तर त्याला पण होईल का?"

डॉक्टर मेघा म्हणाल्या, "भाऊ, जंतू पद विचारत नाही."

भाऊ घामानं भिजले. एसीत. पाऊण तासाच्या आत झुंबरबाई आणि बेबाबाई दोघींच्या खाटा खाली. कोठीचं कुलूप उघडलं, निर्जंतुक पाण्याच्या बाटल्या चक्क हातोहात रांगेनं वर-खाली फिरल्या. गच्चीवर माणसं चढली. बंबाला वीज जोडली. कालपर्यंत सूर्य पुरत होता, आज चटकन महावितरण आठवली. पाणी चढलं साठावर आणि मग सगळे नळ, सगळे शॉवर एकदम उघडले. तोंडाला फडकी बांधलेली माणसं दारं लावून बाहेर उभी. पांढऱ्या डागांचं नाव नाही कोणाच्या तोंडी.

वना, जळगावानं असं पाणी वाहताना पाहिलं नव्हतं. गटारी भरून रस्त्यावर आलं, रस्त्यावरून वळण घेऊन मेहरूणकडे निघालं. बाया हंडे घेऊन धावल्या. डॉक्टर मेघा फाटकात हात जोडून उभ्या, "हे घेऊ नका, यात औषध आहे, गरम आहे." एक बाई म्हणाली, "तुमना घरले पाणी जास्ती व्हई गयं का?" दुसरीनं तर डॉक्टरच्या आई-बापाचा उद्धार केला. लोकांचा जीव वाचवायला उभं राहिलं की लोक हेच करतात. मला त्यात नवीन काही दिसलं नाही. आणि ते पाणी तलावात पोचलं, तर मेहरूण तलावातले मासे दोन दिवस खोकत होते.

"मासा खोकतस का आबा?"

"जळगावचे खोकतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोतारामभाऊ नव्या धोतरात न्हाणीघराच्या दारात उभे. हातात हार. खुंटीवर नवा टॉवेल, त्याची घडी मोडू नये म्हणून एक माणूस राखणीला. चंदनाचा साबण. लिंबू-मिरच्या काढून टाकलेल्या. दहा वाजले, अकरा वाजले, हार सुकला. साहेब आलेच नाहीत, आणि त्याचं भाऊंना जराही नवल वाटलं नाही. साहेब न येणं ही त्यांच्या ओळखीची गोष्ट होती.

तोवर खाली जुन्या इमारतीत, रंग उडालेल्या भिंतीखाली, झुंबरबाईचा ताप उतरायला लागला होता. औषध बरोबर बसलं. रिपोर्ट आला, डॉक्टर मेघा म्हणाल्या होत्या तोच जंतू. बेबाबाई पण सावरली. एका सकाळी मी बायकोच्या उशाशी बसलो होतो. झुंबरबाईनं डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "हाई कसं थोबाड करेल शे? दाढी तरी करा." मी देवाला हात जोडले. बाई शुद्धीवर आली होती.

आता तुम्हाला वाटेल, भाऊ शहाणे झाले. अशा गैरसमजात राहू नका. प्रवेशद्वारावर फलक लागला, 'रुग्णांच्या आरोग्यासाठी जलसुरक्षा', आणि त्यावर भाऊंचा फोटो, हातात शॉवरचं तोंड, जसं काही त्यांनीच वाघ मारला. डॉक्टर मेघा फोटोत कडेला, अर्ध्या कापलेल्या. कोणीतरी त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "पाणी हलतंय ना? मग मला पूर्ण कापा." पण दर सोमवारी सगळे नळ उघडतात, हे खरं आहे. बंब साठावर, शॉवरची तोंडं स्वच्छ, बाटल्यांत निर्जंतुक पाणी. का? जंतूच्या भीतीनं? जंतूला भाऊ काय समजतात? साहेब कधीही अंघोळीला येतील, या भीतीनं. कारण दर रविवारी त्यांना पीएचा फोन जातो, की साहेब बहुधा या आठवड्यात येतील, पाणी बघून ठेवा.

"तो फोन पण तुम्हीच करतस?" वना म्हणाला. त्याच्या तोंडावर भक्तिभाव होता. असा भाव मी कीर्तनातसुद्धा कमी बघितला आहे.

"मग कोण करणार? अरे, दवाखाना सुरक्षित राहावा म्हणून मी म्हाताऱ्या वयात ही नोकरी पत्करली आहे. त्या दिवशीसुद्धा सगळे हातपाय गाळून बसले होते, रूपाली रडत होती, मी मात्र एक थेंब डोळ्यातून येऊ दिला नाही. शांतपणे मोबाइल काढला, नंबर फिरवला..."

मागच्या बाकावर झुंबरबाई काठी गुडघ्यांत धरून, पदर तोंडावर घेऊन झोपली होती, निदान मला तसं वाटत होतं. तिने पदर बाजूला केला आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"वना, खोटं बोली ऱ्हायनात हाई. यास्ले मोबाइल लावता बी येत नही. पीएबाई बनीसन फोन मनी रूपालीनी करा, आते बी तीच करस. हाई ते बाहेर बाकवर बठीसन, तोंडले रुमाल लाईसन, धाय मोकलीसन रडी ऱ्हायंतात."